खिंडीच्या अलीकडे

“वहिनी, पारा काय म्हणतोय?”

मी दोरी ओढून काचेची नळी पाण्यातून वर काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे बारीक करून आकडा वाचला. “म्हणतोय, मी गारठलोय, मला पुन्हा खाली सोडू नका. सहा.”

“झकास,” भाऊजी म्हणाले आणि त्यांनी इंजिन हळू केलं.

होडीत आम्ही चौघं होतो. मागे सुकाणूवर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्या पायाशी डबे, स्टोव्ह आणि दोऱ्यांच्या गुंडाळ्यांमध्ये कोंबलेली मी. पुढच्या फळ्यांवर पाहुणे, वकीलसाहेब आणि त्यांचे जावई. जावईबापू पहिल्यांदाच आले होते. बूट नवे, टोपी नवी, आणि गळांची पेटी तर अशी, की उघडली की सोनाराचं दुकान वाटावं. वकीलसाहेब मात्र आमचे वर्षानुवर्षांचे. वसंतात एकदा आणि पानगळीत एकदा, त्यांची फेरी कधी चुकायची नाही. यंदा ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. आल्या आल्या माझ्यासमोर उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि “खोली तीच ना?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, तीच.

काठाशी वाळलेलं गवत पाण्यात वाकलेलं होतं. भाऊजींनी त्याच्या कडेने होडी इतकी सावकाश नेली की इंजिन चालू आहे की झोपलंय तेच कळेना. जावईबापूंनी विचारलं, “मासे इथं? इतक्या उथळ पाण्यात?” आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांची काठी वाकली. मग काय, होडीत नुसती धांदल. ते उभे राहिले, भाऊजींनी बसवलं, ते पुन्हा उभे राहिले, मी कोट धरून खाली ओढलं. ट्राउट चांगला हाताएवढा निघाला. जावईबापूंनी त्याच्यासोबत इतके फोटो काढून घेतले की माशालाच लाज वाटली असेल.

वसंतातल्या मासेमारीला फार अक्कल लागत नाही, थंडी सोसायची तयारी लागते. बर्फ वितळलं की ऊन आधी काठावरच्या उथळ पाण्याला लागतं. तिथे बारीक मासे जमतात, आणि त्यांना खायला मोठे येतात. पण हे सुख टिकत नाही. आमची तळी दोन, धाकटं आणि थोरलं. धाकटंही काही लहान नाही, पण त्यात कुठेही असलात तरी काठ दिसतो. थोरल्याचा पलीकडचा काठ दिसतच नाही. दोघांच्या मधे डोंगर इतके जवळ येतात की पाण्याची गल्ली उरते, तिला आम्ही खिंड म्हणतो. ऊन चढत गेलं की धाकटं आधी तापतं, मासे गार पाण्याच्या शोधात खिंडीतून थोरल्यात उतरतात आणि गाइडने पाहुण्यांना घेऊन त्यांच्या मागे जायचं. आठवडाभराचे पाहुणे असले की सुरुवातीला धाकटं, मग थोरलं. आमच्या घरात याला कुणी नियमसुद्धा म्हणत नव्हतं. जेवल्यावर हात धुवावा तसं ते होतं.

आणि भाऊजींनी गेल्या पानगळीपासून खिंड ओलांडलेली नव्हती.

गेल्या पानगळीत थोरल्या तळ्यात माझे यजमान गेले, भाऊजी तिथेच असताना. त्या दिवशी दोन होड्या होत्या. पुढच्या होडीत भाऊजी, वकीलसाहेब आणि त्यांचे एक मित्र. मागच्या होडीत हे एकटेच, जेवणाचं सामान आणि जास्तीचं डिझेल घेऊन. परतताना वारा उठला. थोरल्या तळ्यातला वारा सांगून येत नाही, लाटा छातीएवढ्या होतात. यांचं इंजिन मधेच बंद पडलं, होडी लाटेला आडवी झाली आणि उलटली. हे उलट्या होडीला धरून राहिले. भाऊजींच्या होडीत तोवर घोट्याच्या वर पाणी आलं होतं. मागे वळायचं म्हणजे त्यांनाही होडी लाटेला आडवी करावी लागणार, आणि मग सगळेच पाण्यात. गाइड लोकांत एक रीत आहे, आधी पाहुणे काठाला लावायचे, मग बाकीचं जग. यांनीच ती भाऊजींना शिकवली होती. भाऊजींनी पाहुण्यांना काठाला लावलं, होडीतलं पाणी उपसलं आणि परत गेले. उलटी होडी होती. हे नव्हते. लाइफ जॅकेट अंगात होतं, पण थंडीने नेलं. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने यांना खिंडीच्या तोंडाशी आणून सोडलं.

जो भेटला त्याने मला सांगितलं, भाऊजींनी केलं ते बरोबरच केलं. मलाही कळत होतं. हे त्यांच्या जागी असते तर यांनीही तेच केलं असतं, हेही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. माझ्या मनाला ते वळायला अख्खा हिवाळा जावा लागला. भाऊजींच्या मनाला अजून वळलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नव्हतो.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होते. गळाला गांडूळ लावायला मी त्यांच्याकडून शिकले, आणि ते बूट घराबाहेर काढायला माझ्याकडून. लग्न त्यांनी केलं नाही. लग्नाचा विषय निघाला की त्यांना इंजिनात काहीतरी बिघाड आठवायचा. आता डोक्यावर पांढरे केस आलेत, आणि होडी सोडून जगातलं दुसरं काही येत नाही. चहासुद्धा असा करतात की तो पिण्यापेक्षा तळ्याचं पाणी प्यावं. शहरातून मुलगी फोनवर सारखी म्हणायची, “आई, विकून टाका होड्या, दोघं इकडे या.” शहरात भाऊजी काय करणार होते? अंघोळीच्या बादलीत गळ टाकून बसणार? उन्हाळ्याचं सगळं काम थोरल्या तळ्यात. ते सोडलं तर गाइड उरत नाही, होडीवाला उरतो. आणि मला आतून भीती वाटत होती की भाऊजींचं गाइडपण गेलं तर त्यांच्यात फारसं काहीच उरणार नाही. एक गेला, दुसराही हळूहळू माझ्या समोरच जाणार.

म्हणून मी होडीत बसायला लागले. ते म्हणाले, चहापाण्याला कुणीतरी हवं. मी म्हटलं, बरं.

मंगळवारी मासे लागले. बुधवारी ऊन असं काही पडलं की मी स्वेटर काढून डब्यावर टाकला. काठाच्या गवतात बारीक माशांची चमक दिसेना. सकाळपासून दुपारपर्यंत जावईबापूंनी एक काटकी आणि एक जुना बूट एवढं पकडलं. बूट पाहून वकीलसाहेब म्हणाले, “तुमच्या मापाचा दिसतोय,” आणि स्वतःच हसले. जावईबापू हसले नाहीत.

मी पारा सोडायला दोरी हातात घेतली तर भाऊजी म्हणाले, “द्या इकडे. मी बघतो.”

“का? माझे डोळे अजून शाबूत आहेत.”

“द्या हो.”

मी दिली. त्यांनी होडी काठाकाठाने डोंगराखाली नेली, एका वळणावर थांबवली आणि दोरी सोडली. जरा वेळाने नळी वर काढून पाहुण्यांना दाखवली. “बघा, सात. पाणी अजून गारच आहे. मासे इथंच आहेत, फक्त आळसावलेत. उद्या लागतील.”

जावईबापूंनी नळी हातात घेऊन आकडा पाहिला आणि मान हलवली. त्यांना कुठून कळणार? त्या वळणावर झुडपांच्या मागून ओढा उतरतो. डोंगरावरचं वितळलेलं बर्फ थेट तिथे तळ्यात येतं. भर उन्हाळ्यातसुद्धा त्या तोंडाशी पाय टाकला तर कळ मस्तकात जाते. तिथे पारा सोडून तळ्याचं पाणी गार आहे म्हणणं म्हणजे उशाला बर्फ ठेवून ताप उतरला म्हणण्यासारखं. मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी ऊन अजून धक्क्यावर होतं. भाऊजी मासे साफ करायच्या टेबलाशी उभे होते. साफ करायला होते दोनच, तेही बोटाएवढे. मी बादली त्यांच्या पायाशी आपटली.

“पारा कुठं सोडला होतात आज?”

“पाण्यात.”

“ते मलाही दिसलं. ओढ्याच्या तोंडाशी सोडलात.”

सुरी थांबली नाही. “तिथंही मासे असतात.”

“हेच ना, हे तुमच्या हातातले? ह्यांना मासे म्हणायचं असेल तर मलाही सुंदर म्हणा.”

एरवी ते हसले असते. मी पुढे म्हटलं, “यांनी जन्मात कधी पाहुण्याला पाण्याबद्दल खोटं सांगितलं नाही. मासे नसले तर नाहीत म्हणून सांगायचे. तोंडावर.”

“दादाचं नाव काढू नका, वहिनी.”

“काढणार. नवरा माझा होता.”

तेव्हा सुरी थांबली. त्यांनी ती पाण्यात बुडवली, फडक्याला पुसली, पुन्हा पुसली. मग खाली बघतच बोलायला लागले.

“मी जातो रोज. तुम्ही उठायच्या आधी जातो. खिंडीपर्यंत व्यवस्थित जातो. पुढं मोकळं पाणी दिसलं की हात सुकाणूवरच राहतो, पण पुढं जाववत नाही. इंजिन बंद करून बसतो. स्वतःला शिव्या देतो. काल उलटी झाली. मग परत येतो आणि तुम्ही चहा द्यायच्या आत तोंड धुऊन बसतो.”

राग होता तो कुठल्या कुठे गेला.

“मग सांगून टाका त्यांना,” मी म्हटलं.

“काय सांगू? गाइडला पाण्याची भीती वाटते? उद्यापासून माझ्या होडीत कोण बसेल? तुम्ही बसाल?”

“मी बसलेच आहे की.”

“तुम्ही घरच्या आहात,” ते म्हणाले आणि त्यांनी ते दोन मासे मांजरासमोर टाकले.

गुरुवारी काहीच लागलं नाही. शुक्रवारी जावईबापूंचा तोल सुटला. त्यांच्या फोनमध्ये तळ्याचा नकाशा होता, पाणी कुठे किती खोल ते दाखवणारा, आणि सकाळी धक्क्यावर उभं राहून त्यांनी आजूबाजूच्या गाइडांच्या होड्या एकामागून एक खिंडीकडे जाताना पाहिल्या होत्या.

“बाबा, सांगा ना यांना,” ते सासऱ्यांना म्हणाले, भाऊजी जणू होडीत नाहीतच अशा आवाजात. “सगळे पुढच्या तळ्यात जातात. आपण इथं काय गवताचा वास घेत बसलोय?”

“गळ टाका तुम्ही,” वकीलसाहेब म्हणाले.

“मासेच नाहीत तर टाकून काय करू?”

“मी सांगतोय म्हणून टाका.”

त्यांचा आवाज असा होता की जावईबापूंनी मुकाट्याने गळ टाकला. पण दुपारी आम्ही जेवायला काठावर उतरलो तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “काकू, वाईट वाटून घेऊ नका. परवासाठी मी दुसऱ्या गाइडशी बोललोय. वर्षातून एकदा सुट्टी मिळते हो.” मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. मुलगा बरोबर बोलत होता. त्यांच्या जागी मी असते तर बुधवारीच भांडले असते.

भाऊजी होडीतलं पाणी उपसायला गेले, जावईबापू फोनला रेंज शोधत टेकाडावर चढले. मी स्टोव्हवर बटाटे परतत होते. वकीलसाहेब समोरच्या दगडावर येऊन बसले. हातातली थाळी त्यांनी तशीच मांडीवर ठेवली.

“मी म्हटलं तर ते थोरल्या तळ्यात येतील,” ते म्हणाले. “पाहुण्याला नाही म्हणायची त्यांना सवयच नाही. म्हणून मी म्हणत नाही. माझ्यामुळं एकदा झालं तेवढं पुरे.”

“वारा काय तुम्ही सोडला होतात?”

ते बटाट्यांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात बोलले. “तुमच्या दिरांची पाठ होती त्यांच्याकडे. ते समोरची लाट बघत होते, त्यांनी मागं वळून बघितलं असतं तर आम्ही सगळेच गेलो असतो. मागं मी बघत होतो. तुमच्या यजमानांनी हात वर केला, हलवला. मी ओरडलो, ‘ते जा म्हणताहेत.’ आणि आम्ही गेलो.” त्यांनी थाळी दगडावर ठेवली. “त्या दिवशी मला पक्कं वाटलं, जा म्हणताहेत. आता अंथरुणावर पडलो की तो हात दिसतो, आणि तो या म्हणत होता की जा म्हणत होता, मला ठरवता येत नाही. हे मी कुणाला बोललो नाही. तुम्हाला सांगावं म्हणून आलो, आणि आठवडा संपत आला तरी तोंड उघडत नव्हतं.”

कालथा माझ्या हातात तसाच राहिला. बटाटे एका बाजूने करपले, वास आला तरी हलवायचं सुचलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा क्षणभर इतका संताप आला की वाटलं, कालथा फेकून मारावा. आठवडाभर माझ्या हातचं खातो आणि हे पोटात ठेवतो. मग त्यांच्याकडे नीट बघितलं. गेल्या वर्षी गालांना मांस होतं, आता कॉलरमध्ये मान सैल झालेली. त्यांनाही हिवाळा जडच गेला होता की.

“जाच म्हणाले असणार,” मी म्हटलं. “तुम्ही ओळखत नाही त्यांना. एकदा गोदामात कडी अडकली तर दुपारभर आत बसून राहिले, हाक मारली नाही. का, तर मला शेगडीपासून उठावं लागेल. असा माणूस तुम्हाला मरायला बोलावेल?”

त्यांनी डोळे मिटले.

मला खात्री होती का? नव्हती. बर्फासारख्या पाण्यात माणूस काय म्हणतो ते मला काय माहीत. यांनी मला हाक मारली असेल, भावाला मारली असेल, कुणाला नाही ते यांनाच ठाऊक. पण मी जे म्हटलं ते माझ्या नवऱ्याबद्दल म्हटलं आणि ते मी यापुढे मरेपर्यंत तसंच म्हणणार होते. “हे भाऊजींना सांगायचं नाही,” मी म्हटलं. “शपथ घ्या.” वकीलसाहेबांनी मान हलवली. मी करपलेले बटाटे माझ्या थाळीत घेतले आणि चांगले त्यांना वाढले.

शनिवारी मी लवकर उठून धक्क्यावर गेले. भाऊजी होडीत उभे राहून दोर सोडत होते, रोजच्यासारखे एकटेच निघाले होते. मला बघून चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला.

“थांबा,” मी म्हटलं. “पाहुणे उठू देत. सगळे मिळून जाऊ.”

“कुठं?”

“मला जागा बघायचीय.”

त्यांना कळलं नाही असं त्यांनी दाखवलं. मी धक्क्याच्या फळीवर बसले. “यांना खिंडीपाशी आणलं ते मी पाहिलं. कुठं गेले ते मला कुणी दाखवलं नाही. ती जागा जगात एकट्या तुम्हाला माहिती आहे, भाऊजी. तुम्ही नाही नेलंत तर मला कोण नेणार? दुसरा गाइड लावू?”

“वहिनी, माझ्यानं नाही होणार.”

“नाही झालं तर परत येऊ. मला काय शहरात गाडी पकडायचीय?”

दोर त्यांनी पुन्हा खुंटीला बांधला आणि डिझेलचा डबा आणायला गेले.

पाहुणे उठले आणि आम्ही चौघं खिंडीकडे निघालो. दोन्हीकडून डोंगर जवळ आले, पाणी काळं झालं, इंजिनाचा आवाज कड्यांवर आदळून परत यायला लागला. पुढे उजेड दिसत होता. खिंडीच्या तोंडाशी भाऊजींनी इंजिन बंद केलं. होडी थोडी पुढे सरकली आणि उभी राहिली. जावईबापूंनी मागे वळून बघितलं.

भाऊजी उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. “साहेब,” ते जावयांना म्हणाले, “मी तुम्हाला खोटं सांगितलं. बुधवारी पारा ओढ्याच्या तोंडाशी सोडला होता. मासे तेव्हाच पुढं गेले होते. गेल्या वर्षी माझा भाऊ पुढच्या पाण्यात गेला. तेव्हापासून मला तिकडं जायची भीती वाटते. आत्ताही वाटतेय. तुमचा आठवडा माझ्यामुळं वाया गेला.”

जावईबापूंच्या चेहऱ्यावरून काय काय सरकून गेलं ते मी बघत होते. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी मान खाली घातली, आणि बिचाऱ्याला एकदम सगळं उमजलं. “बाबा, तुम्ही मला बोललाही नाहीत,” ते पुटपुटले. मग भाऊजींना म्हणाले, “आपण परत जाऊ या. मला काही… खरंच, मासे काय, कुठंही मिळतात.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी जे म्हणायचं ते सकाळीच म्हटलं होतं. पुढच्या फळीवर वकीलसाहेबांनी हातातली काठी खाली ठेवली, बूड सरकवून फिरून बसले, आता त्यांचं तोंड मागे आमच्याकडे होतं. “मी मागं बघतो,” ते म्हणाले. “तुम्ही पुढं बघा.”

भाऊजींनी टोपी घातली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं नाही, दुसऱ्याला झालं. होडीचं तोंड डावीकडे उजवीकडे डुलत राहिलं, पण होडी पुढे गेली. कडे मागे पडले आणि थोरलं तळं समोर उघडलं.

किती वर्षांनी बघत होते मी ते. पलीकडचा काठ नाही, नुसतं पाणी आणि त्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या. लांबवर दुसऱ्या गाइडांच्या होड्या ठिपक्यांएवढ्या. भाऊजींचा चेहरा राखेसारखा झाला होता, घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. तरी ते डोळे न हलवता पुढे बघत होते, एका बाजूचं टेकाड आणि दुसऱ्या बाजूचा पडका दगडी खांब यांचा मेळ घालत. मग त्यांनी इंजिन अगदी हळू केलं.

“इथं,” ते म्हणाले. “थोडं पुढंमागं.”

मी होडीच्या कडेला हात टेकून वाकले आणि बघितलं. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल. काय दिसणार होतं ते मला सांगता येत नाही, पण हिवाळाभर मी त्या जागेला मनात काहीतरी रूप दिलं होतं. तिथे पाणी होतं. आजूबाजूला होतं तसंच हिरवट, गार. मी हात बुडवला. बोटं लगेच बधिर झाली आणि मला एकदम रडू फुटलं, लहान मुलासारखं, आवाज करून. इतके महिने ते मला एकदाही असं आलं नव्हतं. जावईबापू टोपी काढून अवघडून बसले. वकीलसाहेब भाऊजींच्या खांद्यावरून मागच्या पाण्याकडे बघत होते आणि त्यांच्या गालांवरूनही पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “मी परत आलो होतो.”

“माहिती आहे मला.”

“लगेच आलो होतो.”

“माहिती आहे, भाऊजी.”

जावईबापूंचा गळ खिंडीपासून पाण्यात तसाच होता, कुणाच्या ध्यानातही नव्हता. त्याच वेळी त्यांची काठी कडेवर आपटली आणि वाकत वाकत पाण्याला टेकली. त्यांनी ती धरली, पण ओढायची की सोडायची ते न कळून भाऊजींकडे बघत राहिले. काय करावं हे आम्हालाही कळेना. त्या जागेवर मासा काढायचा?

“सोडू नका,” भाऊजी म्हणाले. “काठी वर ठेवा. त्याला पळू द्या. दोरी सैल पडू देऊ नका.” त्यांचा आवाज नेहमीचा होता, पाहुण्यांशी बोलायचा. मासा मोठा होता. तो खाली गेला, लांब गेला, होडीखालून दुसऱ्या बाजूला आला. वारा वाढायला लागला होता, लाटा होडीच्या पोटावर चापट्या मारत होत्या. शेवटी दमलेलं चंदेरी अंग वर आलं, पण लाटेमुळे जवळ येईना. भाऊजींनी दांड्याची जाळी घेतली, गुडघा कडेला टेकवला आणि कमरेपासून पुढे त्या पाण्यावर वाकले. होडी त्यांच्या बाजूला कलंडली.

मी मागून त्यांच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, पाय फळीला लावले आणि मागे रेलले. ते आणखी वाकले. मी आणखी रेलले. जाळी पाण्यात गेली, वर आली, त्यात मासा होता.

“वहिनी, सोडा,” ते खाली वाकलेलेच म्हणाले. “आला मासा.”

“येऊ दे,” मी म्हटलं.

त्यांनी जाळी जावईबापूंच्या हातात दिली, सरळ होऊन बसले आणि इंजिनाला हात घातला. मी पट्टा सोडला नाही. त्यांनी पुन्हा सोडा म्हटलं नाही.